गुडघ्याकडे बघणारी बाई

स्टेजवर एखाद्या मुलीनं पाय उचलून कानापर्यंत नेला की अख्खा हॉल टाळ्या वाजवतो, मी वाजवत नाही. वर गेलेल्या पायाकडे माझं लक्ष नसतं. मी बघते खाली टेकलेला पाय. टाच हलतेय का, घोटा थरथरतोय का, गुडघा आत पडतोय का. कार्यक्रम संपला की शेजारची बाई म्हणते, "काय भाव होते ना चेहऱ्यावर!" मी मान डोलावते. इतकी वर्षं नाच बघितला, पण चेहरा कोणाचा बघितलाय, असं विचाराल तर मला सांगता यायचं नाही.

अमरावतीत एका शाळेत मी व्यायाम शिकवायचे. नोकरीत असतानाच नाचणारी मुलं माझ्याकडे यायला लागली आणि निवृत्तीनंतर तेवढंच काम उरलं. आमचं गाव आखाड्यांचं आणि मल्लखांबाचं. त्यामुळे बाईमाणूस व्यायाम शिकवते याचं कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते नाचणाऱ्यांना व्यायाम शिकवते याचं. "नाचणं म्हणजेच व्यायाम ना मॅडम? मंग तुमी अजून काय शिकवता त्यायले?" असं मला भाजीवाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं आहे.

तर सांगते. नाच शरीराकडून काम करून घेतो, त्याला पोसत नाही. तेच पाय, तीच ठोक, तोच कोन, वर्षानुवर्षं. जे स्नायू वापरले जातात ते दमतात आणि जे वापरले जात नाहीत ते झोपून राहतात. मी त्या झोपलेल्यांना उठवते. पाठीसाठी आणि खांद्यांसाठी दोरीचा मल्लखांब, घोट्यांसाठी आखाड्याच्या खोदलेल्या मातीत अनवाणी चालणं, दमासाठी पोहणं, आणि मांड्यांसाठी बैठका. पण पैलवानासारख्या धाडधाड नाहीत. खाली जाताना इतकं सावकाश जायचं की मुलं मनातल्या मनात मला शिव्या देतात. काही तोंडावर देतात.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुना. बडनेऱ्याचा एक मुलगा आला होता, टीव्हीवरच्या स्पर्धेसाठी त्याला उलटी कोलांटी हवी होती, आणि तीही चाचणीच्या आधी, म्हणजे येत्या रविवारच्या आत. "कुठवर आली आहे?" म्हटलं, तर म्हणाला, "प्लॅटफॉर्मवर मारून पाहिली मॅडम, डोकं थोडं लागते खाली." थोडं! त्याला मी महिनाभर नुसता भिंतीला पाय लावून उलटा उभा केला. स्पर्धा गेली, मुलगा राहिला. दुसरे एक संत्र्याच्या बागा असलेले दादासाहेब, मुलीच्या लग्नात संगीताला गुडघ्यावर बसून नाचायचं होतं त्यांना. नाचले की नाही माहीत नाही, पण आता जमिनीवर मांडी घालून जेवतात असं त्यांच्या सौभाग्यवतींनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं.

अशी माणसं असली की मी बिनघोर असते. जाड, आखडलेली, कुरकुर करणारी माणसं मला आवडतात. दुखलं की ती ओरडतात आणि ओरडली की मी थांबते. मला भीती वाटते ती न ओरडणाऱ्यांची.

ऋतुजा त्यातली. अकोल्याच्या जुन्या शहरातली मुलगी, कॉलेजात शिकणारी, भरतनाट्यम करणारी. आठवड्यातून तीन दिवस सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून माझ्याकडे यायची. तिच्या नृत्याच्या गुरू सुलभाताईंनी पाठवली होती. पुढच्या वर्षी तिचं अरंगेत्रम करायचं होतं. अरंगेत्रम म्हणजे शिष्येचा पहिला पूर्ण कार्यक्रम, दीड-दोन तास एकटीनं नाचायचं. दम कमी पडतो, एवढीच त्यांची तक्रार होती.

पहिल्याच दिवशी मी तिला वाकायला सांगितलं. ती वाकली आणि तिचे तळहात जमिनीला टेकले, मग कोपरंही टेकली. माझ्या व्यायामाच्या हॉलमधल्या पोरी "अय्या" म्हणाल्या. हात समोर धरायला लावला तर कोपर उलट्या बाजूनं वाकलं. अंगठा मागे ओढून मनगटाला लावला तर लागला. तिची आई, वंदनाताई, पहिल्या दिवशी सोबत होती. ती कौतुकानं म्हणाली, "रबरावानी हाय मॅडम हे पोट्टी. चार वर्साची होती तवापासून पाय मानेमांगं घेते. पाहुणे आले का आमी करून दाखवायले लावत होतो."

दाराची बिजागरी सैल झाली की दार भिंतीला टेकेल इतकं उघडतं, पण रोज थोडं थोडं खाली येत उंबऱ्याला घासायला लागतं. काही मुलांचे सांधे जन्मतःच तसे सैल असतात. लोक त्यांना लवचीक म्हणतात, शाबासकी देतात, आणखी ताणतात. खरं तर अशा मुलांना ताणायचंच नसतं. त्यांच्या सांध्याभोवती स्नायूंची भिंत बांधायची असते, नाहीतर एक दिवस सांधा जागा सोडतो.

तो दिवस फार लांब नव्हता. ऋतुजा व्यायाम संपवून गादीवरून चालत जात होती. मागून कोणीतरी हाक मारली, ती वळली आणि खाली बसली. मी धावले. तिच्या डाव्या गुडघ्याची वाटी जागेवर नव्हती. बाहेरच्या बाजूला सरकून बसली होती, कातडीखाली स्पष्ट दिसत होती. तिनं पाय सरळ केला तशी ती आपोआप आत आली, बारीक आवाज झाला, आणि ऋतुजा उठून उभी राहिली. ओठावर घाम, चेहरा पांढरा. मला म्हणाली, "नाही दुखत, मॅडम."

या कामात मला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटत असेल तर या वाक्याची. नाचणाऱ्या मुलांना ते कोणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना येतं.

डॉक्टरांनी फोटो काढले, तपासलं आणि सरळ सांगितलं. मांडीची ताकद वाढली तर वाटी जागेवर राहील. पुन्हा जोरात सरकली, उडी मारताना वगैरे, तर आतला पडदा फाटेल, ऑपरेशन लागेल आणि त्यानंतर नाच विसरा. ऋतुजा ऐकताना माझ्याकडे बघत होती. हॉल ठरला होता, तारीख ठरली होती, नातेवाइकांना कळवून झालं होतं. सुलभाताईंनी तारीख पुढे ढकलायची तयारी दाखवली, पण वंदनाताई ऐकेनात. मी म्हटलं, वेळ आहे, भिंत बांधू.

बांधायला घेतली. मांड्या, कंबर, पोट, घोटे. मुलगी कष्टाळू होती, एक दिवस दांडी नाही. सहा-सात आठवड्यांत अशा गुडघ्यात फरक दिसायला हवा. दिसेना. उलट कंबरही सैल वाटायला लागली. खाली बसताना गुडघा आत पडायचा तो पडायचाच. माझी झोप उडाली. माझंच काही चुकतंय का? वजन जास्त झालं? कमी झालं? मी ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट मुलीला आणून दाखवलं. ती म्हणाली, "काकू, तुमचं बरोबर आहे सगळं. पण ही कुठेतरी ताणते आहे." ऋतुजाला विचारलं. ती म्हणाली, "नाही मॅडम."

थंडीच्या एका सकाळी वंदनाताई तिच्याबरोबर आल्या. त्या नाचाचे पोशाख शिवतात, अमरावतीत कोणाला तरी द्यायचा होता. मी कोपऱ्यात एका पोरीला दोरीवर चढवत होते. चढवून वळले आणि जागच्या जागी थिजले.

ऋतुजा गादीवर पालथी पडली होती, दोन्ही पाय बेडकासारखे बाजूला फाकवून. आणि तिच्या कमरेवर तिची आई बसली होती. पूर्ण वजन टाकून. बसल्या बसल्या दुसऱ्या एका मुलीच्या आईशी साडीच्या काठाबद्दल बोलत होती. ऋतुजाचं तोंड भिंतीकडे होतं. एक शब्द नाही, एक हुंकार नाही.

"उतरा," मी म्हटलं. आवाज इतका चढला की दोरीवरची पोरगी खाली आली.

"काहून मॅडम? काय झालं?"

"आधी उतरा म्हणते ना!"

त्या उतरल्या, पण त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त रागावलेला होता. "रोजचंच हाय हे. तुमच्या व्यायामानं अंग आखडते पोरीचं. मांड्या पाहा कशा झाल्या, पैलवानावानी. तुमी ताकद देता, चांगलं हाय, पण तिची लवचिकता गेली तर मंग काय राहिलं तिच्यापाशी? म्हून मी घरी रोज संध्याकाळी मोकळं करून देते तिले. लहानपणापासून करते."

म्हणजे सकाळी मी बांधत होते आणि संध्याकाळी आई उकलत होती. दोघीही भिऊनच. तिला भीती की ताकद लवचिकता खाऊन टाकेल, मला भीती की लवचिकता गुडघा खाऊन टाकेल. आणि दोघींच्या मध्ये ती मुलगी, कोणालाच काही न सांगणारी.

"तिचा सांधा दुखावतो आहे ताई," मी म्हटलं.

"काई दुखत नाई. विचारा ना तिले. ऋतू, दुखते का?"

"नाही दुखत," ऋतुजा भिंतीकडे बघतच म्हणाली.

मी वाद घातला नाही. वंदनाताईंसमोर उभी राहिले आणि माझा उजवा हात वर उचलायला लागले. खांद्याच्या थोडा वर गेला आणि थांबला. तिथेच थांबतो तो. मी चौदा वर्षांची असताना आमचे मल्लखांबाचे उस्ताद खांदा मोकळा करायला म्हणून माझा हात मागे दाबायचे. मीही नाही दुखत म्हणायचे. एका स्पर्धेच्या आधी त्यांनी दाबला तेव्हा आत काहीतरी तुटलं आणि माझा मल्लखांब तिथेच संपला. उस्ताद वाईट नव्हते. आपल्या हातानं माझं भलं होतंय, अशी त्यांची खात्री होती.

वंदनाताई हाताकडे बघत राहिल्या. मग अगदी घरगुती प्रश्न विचारला त्यांनी. "मंग केस कोण बांधून देते तुमचे?"

"सून बांधते."

त्यांनी पोशाखाची पिशवी उचलली, मुलीला घेतलं आणि गेल्या. नंतर दोन आठवडे ऋतुजा आली नाही. फोन उचलला जाईना. मी रोज सकाळी गाडीच्या वेळेला दाराकडे बघायचे आणि नसत्या कल्पना करायचे. अकोल्याहून कोणी आलं की वाटायचं, आता सांगेल, पडली म्हणून.

ती आली, एकटी आली आणि थेट बैठकांना लागली. घरी काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. पण महिन्याभरात गुडघा सावरायला लागला. मी त्यावर विश्वास ठेवला नाही. या धंद्यात फरक दिसला की आणखी भीती वाटते, कारण मुलं लगेच उड्या मारायला लागतात.

अरंगेत्रमच्या दिवशी मी दुपारीच अकोल्याला पोचले, पिशवीत चिकटपट्ट्या, बर्फाची पिशवी आणि गुडघ्याचा पट्टा. पट्ट्याची मला काळजी होती. भरतनाट्यमचा पोशाख अंगाला घट्ट, आत पट्टा बसायचा कसा? ऋतुजानं पायजमा पुढे केला. डाव्या पायाला गुडघ्यापाशी आतून जास्तीचं कापड सोडून शिवलं होतं, वरून चुण्या अशा घातल्या होत्या की कोणाला कळू नये. मी वंदनाताईंकडे बघितलं. त्या दुसरीकडे बघत पिना मोजायला लागल्या.

कार्यक्रम सुरू झाला आणि मी विंगेत उभी राहिले. सुरुवातीचे नाच पार पडले. मग वर्णम लागलं, सगळ्या कार्यक्रमातला सगळ्यात लांब आणि दमवणारा भाग. अर्धं होईपर्यंत टाच जागेवर होती. नंतर डावी टाच आत वळायला लागली. मांडी थकली की असंच होतं. गुडघा बोटांच्या रेषेत राहत नाही, आत झुकतो. प्रत्येक ठोकेला मी माझी पायाची बोटं चपलेत आवळत होते. एक उडी. दुसरी. लोक तालावर डोलत होते आणि मला त्या मृदंगवाल्याच्या हातातून मृदंग हिसकावून घ्यावासा वाटत होता. वर्णम संपलं. टाळ्या थांबेनात. ती नमस्कार करून आत आली, लंगडत नव्हती. मला ते जास्तच भीतीदायक वाटलं.

मध्यंतर. मेकअपच्या खोलीत ती आरशासमोर बसली. पुढे शिवाचं नृत्य होतं, त्यात एका पायावर बराच वेळ उभं राहायचं, तो पाय डावाच. मग एक बसून करायचं पद, आणि शेवटी तिल्लाना, म्हणजे नुसती विजेसारखी पावलं आणि उड्या. मला विचारायचं होतं. पण उत्तर काय येणार हे ठाऊक होतं, आणि ते उत्तर ऐकलं की मी तिला अडवणारी कोण? मी पिशवीतून बर्फ काढायला लागले.

वंदनाताई खाली जमिनीवर बसल्या, मुलीचे घुंगरू नीट करायला. त्यांचा हात सवयीनं तिच्या गुडघ्यावर गेला आणि तिथेच थांबला. वर बघून त्यांनी विचारलं, "ऋतू, दुखते का व?"

"नाही."

"मॅडमले सांगू नोको. गुरूले सांगू नोको. मले सांग. तुही माय विचारून राहिली. दुखते का?"

ऋतुजा आरशात बघत होती. मग तिची हनुवटी थरथरली, लहान मुलांची थरथरते तशी.

"हो आई. लय दुखते. कवापासून दुखते."

वंदनाताईंनी मान खाली घातली आणि घुंगरांचे पट्टे सोडायला लागल्या. आधी डावा, मग उजवा. सुलभाताई घाईघाईनं पुढे आल्या. "अहो, हे काय करताय? पाहुणे बसलेत. तिल्लान्याशिवाय अरंगेत्रम पूर्ण कसं म्हणायचं?"

"अपूर्ण राहू द्या," वंदनाताई म्हणाल्या. पट्टे सोडत राहिल्या. "लोक बोलतील तर मले बोलतील."

सुलभाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी गुडघ्यावर बर्फ धरून बसले होते, गुडघा माझ्या तळव्याखाली फुगत चालला होता. त्यांनी हात लावून बघितलं. वर्षानुवर्षं शिकवलेल्या मुलीचा गुडघा त्या पहिल्यांदाच हातात घेत असाव्यात, असं मला वाटलं. मग त्या उठल्या, पदराचं टोक कमरेला खोचलं आणि निवेदकाला सांगायला गेल्या, की आता शेवटचं पद होईल आणि कार्यक्रम संपेल.

हॉलमध्ये कुजबुज झाली. पुढच्या रांगेतल्या कोणी घड्याळ बघितलं. तो तिल्लाना आजही राहिलाच आहे. ऋतुजा अजून माझ्याकडे येते, मी अजून घाबरते आणि तो कधी होईल, होईल की नाही, हे मला सांगता येत नाही.

मध्यंतरानंतर पडदा उघडला तेव्हा ती स्टेजच्या मधोमध बसलेली होती, घुंगरांशिवाय. डावा पाय पोशाखाच्या चुण्यांखाली सरळ ठेवलेला. मी सवयीनं आधी खाली बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतं. गुडघा झाकलेला होता, तो काही करत नव्हता, त्याला काही करायचं नव्हतं. माझी नजर कुठे ठेवावी मला कळेना, म्हणून वर गेली.

पद यशोदेचं होतं. लोणी खाऊन आलेल्या कृष्णाला ती रागावते, दटावते, बोट उगारते आणि मध्येच हसू आवरेनासं होतं. ऋतुजानं बोट उगारलं, भुवया ताणल्या, रागानं काहीतरी विचारलं आणि मग हसली. सगळा हॉल तिच्याबरोबर हसला. माझ्या शेजारी वंदनाताई उभ्या होत्या, हातात सोडलेले घुंगरू घट्ट धरून, वाजू नयेत म्हणून.

दीड वर्ष मी त्या मुलीची एकेक नस पाठ केली होती. हसताना तिच्या डाव्या गालाला खळी पडते, हे मला त्या संध्याकाळी कळलं.